छेदात कोण कोण?

पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, हा विषय एमबीबीएसची मुलं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचतात, आणि एमडीला तोच घेणाऱ्या मुलीकडे नातेवाईक जरा दयेनं बघतात. 'म्हणजे पेशंट तपासायचेच नाहीत?' असं ठाण्यात, चरईतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात, अजूनही कुणी ना कुणी विचारतंच. तपासते की. काही दिवस तुर्भ्याच्या आरोग्य केंद्रात खोकल्याचे पेशंट, उरलेले दिवस नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवणं, त्यातून जमेल तसं संशोधन, आणि रात्री ओटा आवरून झाल्यावर मराठीत आरोग्यावर लेख. एका बाईचे चार उद्योग वाटतात खरे. पण चारही ठिकाणी मी एकाच गोष्टीच्या मागे असते, ती म्हणजे छेद.

टक्केवारी काढताना वर अंश आणि खाली छेद, हे शाळेतलं गणित. ओपीडीत समोरच्या स्टुलावर येऊन बसतो तो अंश. जो आलाच नाही, रांग बघून परत गेला किंवा मेडिकलवाल्याकडून बाटली घेऊन घरी गेला, तो फक्त छेदात असतो. त्याचा केसपेपर नसतो. हुशारातला हुशार डॉक्टरही अंश बघूनच मत बनवतो. 'आजकाल टीबी कमी झालाय' आणि 'आजकाल टीबी फारच वाढलाय' ही दोन्ही वाक्यं मी एकाच आठवड्यात, एकाच स्टाफरूममध्ये ऐकली आहेत. दोन्ही बोलणारे आपापल्या ओपीडीबद्दल खरंच सांगत होते.

माझं पहिलं धड म्हणावं असं संशोधन मसाला मार्केटमधल्या खोकल्यातून निघालं. वाशीचं एपीएमसी, म्हणजे बाजार समितीचं घाऊक मार्केट, म्हणतात, पण ते आहे तुर्भ्यात. तिथले माथाडी कामगार बरेचसे सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावकडचे. राहायला घणसोली-कोपरखैरण्याला, नाहीतर गाववाल्यांच्या खोलीवर. मिरचीच्या गाळ्यात काम करणारा माणूस खोकला धरूनच चालतो. ठसका लागणं हे त्याच्या दृष्टीनं कामाचाच भाग, आजार नव्हे. असा माणूस आमच्यापर्यंत पोचायचा तेव्हा पँटला दोरी बांधायची वेळ आलेली असायची. छातीचा एक्स-रे धरला की वरच्या भागात पोकळी दिसायची. हा इतके दिवस होता कुठे? एवढाच आमचा प्रश्न होता. पहिला खोकला आणि पहिली योग्य गोळी, या दोहोंच्या मध्ये त्यानं किती दारं ठोठावली?

प्रश्न सोपा होता, पण त्याला परवानगी मिळवणं हे वेगळंच प्रकरण. संशोधनाचा आराखडा लिहायचा, नमुना किती घ्यायचा याचं गणित मांडायचं आणि ते सगळं आचारसमितीपुढे, म्हणजे संशोधनात माणसांचं हित जपलं जातंय का हे बघणाऱ्या समितीपुढे, न्यायचं. तरुण सहकाऱ्यांना ही समिती म्हणजे नसता अडथळा वाटतो. मला तसं वाटत नाही. २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार समितीत किमान ७ सदस्य लागतात, निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. त्यात एक कायदा जाणणारा असतो आणि एक अगदी सामान्य नागरिक, म्हणजे वैद्यकाशी संबंध नसलेला. डॉक्टर सदस्य आकडेशास्त्राच्या चाचण्यांवर वाद घालतात. सामान्य नागरिक मात्र असा प्रश्न विचारतो की आपण वही काढून लिहून घेतो. आमच्या बैठकीत त्यांनी विचारलं, 'तुम्ही मुलाखत घेताना एखाद्याला टीबी निघाला आणि तो दुसऱ्या दिवशी गावाला गेला, तर पुढे त्याचं कोण बघणार?'

हा प्रश्न माथाडी माणसाला ओळखणाऱ्याचा होता. मोठं दुखणं आलं की तो गाव गाठतो. 'हवापालट' म्हणून घरचेच बोलावतात. टीबीला डोंगरावरची हवा लागते ही समजूत सॅनेटोरियमच्या, म्हणजे क्षयरोग्यांना मोकळ्या हवेत ठेवणाऱ्या रुग्णालयांच्या, काळापासूनची. मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्रानं १९५९ मध्येच तिला उत्तर दिलं होतं. गरीब वस्तीतल्या रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना घरीच औषधं दिली. घरी राहिलेलेही तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडायला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. सातारकडच्या आज्ज्यांपर्यंत मात्र तो अजून पोचलेला नाही. शेवटी आराखड्यात आम्ही एक परिच्छेद वाढवला: रुग्णाची निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद त्याच दिवशी करायची, म्हणजे तो गावी गेला तरी त्याच नोंदीवर तिथल्या केंद्रातून गोळ्या चालू राहतील.

संमतिपत्राचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेताना निःपक्षपाती साक्षीदार लागतो आणि माहितीपत्रकाची एक प्रत त्या व्यक्तीला द्यावी लागते. नियम चांगलाच आहे. पण ज्या कागदावर ठळक अक्षरात 'क्षयरोग' छापलंय, तो कागद दहा बाय बाराच्या खोलीत न्यायला कोण तयार होईल? पाच-सहा जण एका खोलीत राहतात, कपडे एकाच दोरीवर. कागद कुणाच्या हाती लागला की दुसऱ्या दिवशी जेवणाचं ताट वेगळं. बऱ्याच जणांनी हात जोडून कागद परत केला. आम्ही समितीकडे पुन्हा गेलो. प्रत केंद्रातच त्यांच्या नावाच्या पाकिटात ठेवायची, मागेल तेव्हा द्यायची, असं ठरलं.

मग प्रत्यक्ष काम. भाजी मार्केट मध्यरात्रीनंतर जागं होतं. गाड्या खाली करून माणूस सकाळी झोपायला जातो, आणि आमची ओपीडी नेमकी तेव्हा उघडते. मसाला मार्केटचा माणूस दिवसा कामावर. तो दुपारी तपासायला आला तर त्याच्या वाट्याची पोती टोळीतल्या इतरांच्या पाठीवर जातात आणि मजुरीचा हिशेब टोळीचा असतो. 'लोकांना आरोग्याची जाणीव नाही' असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या ओपीडीची वेळ आणि मार्केटची वेळ शेजारी शेजारी लिहून बघावी.

मुलाखतीत 'खोकला किती दिवसांपासून?' याला ठरलेलं उत्तर म्हणजे 'लई दिस'. पुस्तकात यावर उपाय आहे: माणसाला तारखा विचारायच्या नाहीत, घटना विचारायच्या. मग आमच्या समाजसेविका बाईंनी मार्केटचं पंचांगच बनवलं. हापूसच्या पेट्या यायला लागल्या त्याआधी की नंतर? गावच्या जत्रेला गेलात तेव्हा खोकत होतात का? नवी मिरची आली तेव्हा? गणपतीत गावी गेलात तेव्हा बायको काही बोलली का? या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात खात्रीची उत्तरं मिळाली. नवऱ्याचा खोकला बायकोला तारखेनिशी आठवतो.

निघालं ते असं. पहिलं दार बहुतेकांचं मेडिकल स्टोअर. दुसरं खोलीजवळचा डॉक्टर, जो रात्री दहापर्यंत दवाखाना उघडा ठेवतो, त्यामुळे तोच परवडतो. तिथे पातळ औषध आणि चार दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या. थोडं बरं वाटतं. महिन्यानं पुन्हा तेच, कधी दुसऱ्या डॉक्टरकडे. भारतातल्या अशा अनेक अभ्यासांचा एक आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात लक्षण सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ साधारण ५५ दिवसांचा होता, आणि निदान होईपर्यंत माणूस सरासरी २.७ ठिकाणी जाऊन आलेला होता. आमचं चित्र त्याच जातीचं होतं. त्या ५५ दिवसांतला जास्त भाग रुग्णाच्या आळसात गेलेला नाही. तो दवाखान्यांच्या उंबरठ्यांवर गेलेला आहे, म्हणजे आम्हा डॉक्टरांच्या खात्यावर.

छापून येण्याची कहाणी थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. पाठवा, नकार घ्या, दुसरीकडे पाठवा, समीक्षकाच्या शंकांना उत्तरं द्या. मध्येच 'आदरणीय प्राध्यापक महोदय' अशी सुरुवात करून आठ दिवसांत छापून देणाऱ्या दुकानांच्या मेल येत राहतात. फी भरा, निबंध घ्या. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात आणि लेखकांच्या यादीत नाव कितव्या जागी आहे हेही बघतात, त्यामुळे ही दुकानं चालतात. मोजणीची पद्धत जशी, तसा माल बाजारात येतो. आमचा निबंध यथावकाश एका बऱ्या नियतकालिकात आला आणि जगात काही फरक पडला नाही.

फरक पडला तो वर्गात. टीबीचं लेक्चर मी कल्याणपासून सुरू करते. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, जन्म १८६५ चा. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं टीबीचा जंतू जगापुढे मांडला २४ मार्च १८८२ ला. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात टीबीनं गेल्या, तेव्हा वयाची २२ वर्षंही पूर्ण नव्हती. कारण ठाऊक होतं, पण औषध यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. आपल्याकडे कारणही आहे, औषधही आहे, सरकारी केंद्रात फुकट आहे. सहा महिन्यांचा कोर्स आहे. मग अडलंय कुठे? एवढं बोलून मी फळ्यावर दोन ओळी लिहिते.

पहिली ओळ १९६३ ची. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या लोकांना त्यांच्या घरी जाऊन विचारलं. तपासणीत टीबीचे निघालेल्यांपैकी साधारण निम्मे लोक आधीच दवाखान्यात जाऊन आले होते, आणि खोकल्याची बाटली घेऊन परत आले होते. दुसरी ओळ २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणाची: लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते.

दर वर्षी कुणीतरी हात वर करून म्हणतं, 'मॅडम, म्हणजे साठ वर्षांत लोक बेफिकीर झाले.' मी फळ्याकडे बोट दाखवते आणि गप्प बसते. वर्गात चुळबुळ होते. मग मागच्या बाकावरून, सहसा मागच्याच बाकावरून, उत्तर येतं: 'मॅडम, खाली वेगवेगळे लोक आहेत.' बरोबर. पहिल्या ओळीच्या छेदात टीबी असलेले लोक आहेत. दुसऱ्या ओळीच्या छेदात खोकला, ताप, वजन घटणं असं काहीही असलेले सगळे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना टीबी नाही. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत, कारण ती एकाच माणसांबद्दल नाहीतच. हे एकदा कळलं की पोरं वर्तमानपत्रातला प्रत्येक टक्का संशयानं वाचायला लागतात. आईवडिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं लावतात अशा तक्रारीही माझ्याकडे आल्यात.

यातल्याच काही मुलांना मी आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेत ढकलते. दोन महिन्यांचा प्रकल्प असतो, विषय छोटा घ्यायचा. हुशार मुलं जनुकांवर काहीतरी करायचं म्हणून येतात. मी त्यांना महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं उदाहरण देते. कोकणात विंचू चावून माणसं मरत होती, मोठी प्रयोगशाळा हाताशी नव्हती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून निरीक्षणं लिहिली, प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून पाहिलं, आणि 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं ते काम १९८० च्या दशकात छापलं. विषय शोधायला लांब जावं लागत नाही. तुमच्या दारात लोक कशानं मरतायत ते बघा, एवढंच मी सांगते. काहींना पटतं. काही जनुकांकडेच जातात. त्यांचंही बरं चाललंय.

मराठी लेखनाकडे मी वळले ती डेंग्यूमुळे. पावसाळा सुरू झाला की ठाण्यात, कळवा-मुंब्र्यात, ऐरोलीत एकच प्रश्न: 'प्लेटलेट किती?' किवी महाग होतात, पपईच्या पानांना भाव येतो, दिवसातून दोनदा रक्त तपासलं जातं. खरं तर रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा बाहेरून चढवाव्या लागत नाहीत, आणि बहुतेक रुग्ण त्या न चढवताच बरे होतात. धोका येतो तो भलत्याच वेळी. ताप उतरतो, घरचे निःश्वास सोडतात, आणि नेमके तेच एक-दोन दिवस जपायचे असतात. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हातपाय गार पडणं, मलूल होणं, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं तर आकड्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे मी एका दैनिकाच्या पुरवणीत लिहिलं. छापून आलं तेव्हा शीर्षक होतं 'डेंग्यूचे रुग्ण दुप्पट!' आत कुठेही दुप्पट नव्हतं. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, 'मॅडम, शीर्षक आमचं खातं.' तेव्हापासून आमच्यात एक तह आहे: शीर्षक त्यांचं, पहिला परिच्छेद माझा. त्याला कुणी कात्री लावायची नाही. 'दुप्पट' लिहायचंच असेल तर किती लोकांत कितीचे किती झाले, हे मी त्या परिच्छेदात लिहून टाकते.

सगळ्यात अवघड लेख मात्र टीबीचाच ठरला. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. छातीचा एक्स-रे काढला नसता, नुसती लक्षणं विचारली असती, तर सापडलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण हातचे निसटले असते. म्हणजे छेद अजून रुंद झाला: न आलेले, येऊन परत गेलेले, आणि आता ज्यांना काही होतच नाहीये तेही. आम्ही वर्षानुवर्षं भिंतीवर रंगवत आलोय की दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासा. ते आजही खरं आहे. पण ज्याला खोकलाच नाही त्याला काय लिहायचं? 'तुम्हाला काही होत नसलं तरी टीबी असू शकतो' असं सरसकट छापलं तर अख्ख्या शहराची झोप उडेल, आणि एक्स-रेच्या रांगेत नेमके तेच उभे राहतील ज्यांना गरज नाही.

तेव्हा लेख सगळ्यांसाठी लिहायचाच नाही असं मी ठरवलं. घरात टीबीचा रुग्ण आहे, पूर्वी टीबी होऊन गेलाय, मधुमेह आहे, विडी-सिगारेट आहे, अंगावर मांस नाही, साठी उलटली आहे किंवा दगडखाणीच्या धुळीत आयुष्य गेलंय, त्यांनीच वाचावा, बाकीच्यांनी पान उलटावं, असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. दगडखाण मुद्दाम घातली. पारसिकच्या डोंगरावर खडी फोडलेली माणसं तुर्भे-दिघ्याला अजून आहेत. सिलिकाची धूळ फुफ्फुसात साचली की टीबीचा धोका कितीतरी वाढतो, आणि खाण बंद झाली तरी धूळ आतच राहते. 'वाचकाला पान उलटायला सांगणारी पहिली लेखिका बघतोय,' असं संपादक म्हणाले. छापलं मात्र जसंच्या तसं.

तो लेख माथाडी कामगारांनी वर्तमानपत्रात वाचला नाही. एका मुकादमाच्या पुतण्यानं त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, आणि दोन-तीन टोळ्यांतून निरोप आला: आम्ही तिकडे येणार नाही, यंत्र इकडे आणा.

आता तेच चाललंय. हातात धरून काढायचा एक्स-रे मार्केटमध्ये न्यायचा, मसाल्याच्या गाळ्यांत दुपारी आणि भाजीच्या बाजूला पहाटे चारला. राष्ट्रीय मोहिमेतही डिसेंबर २०२४ पासून या यंत्रांवर भर आहे, त्यामुळे यंत्र मिळणं फार अवघड नाही. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो कागद फिरतोय. आराखडा दोन विद्यार्थ्यांनी लिहिला आहे आणि छेद त्यांनी पहिल्याच पानावर मांडलाय: खोकणारे नव्हेत, तर त्या पाळीला हजर असलेले सगळे, शिवाय आजारी म्हणून न आलेल्यांची टोळीकडून घेतलेली यादी. ती यादी त्यांना सुचली याचा मला आनंद आहे, तो मी त्यांना दाखवलेला नाही. समितीनं एकच शंका काढून कागद परत पाठवलाय, आणि ती पुन्हा त्या सामान्य नागरिकाचीच. पहाटे चारला अंगठा घेताना निःपक्षपाती साक्षीदार कोण? विद्यार्थ्यांनी मुकादमाचं नाव लिहिलं होतं. ते चालणार नाही, कारण कोणाला उद्या कामावर घ्यायचं हे तोच ठरवतो. चहावाल्याला विचारून बघतो आहोत.